'तेशूका' : एका शब्दाची ओढाताण

शब्दांना चरित्र असते, असे आपण भाषेच्या तासाला ऐकतो. काही शब्द रोज हजार वेळा तोंडी येऊन गुळगुळीत होतात. काही शब्द एखाद्या ग्रंथात दोन-तीनदाच येतात आणि तरीही पिढ्यान् पिढ्या माणसांच्या संसारावर सत्ता गाजवतात. हिब्रू भाषेतील 'तेशूका' हा शब्द या दुसऱ्या जातीचा आहे. ज्यू लोकांच्या पवित्र ग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात, हा शब्द अवघ्या तीन ठिकाणी आला आहे. कोशात त्याचा अर्थ 'इच्छा', 'अभिलाषा', 'वासना' असा दिलेला आढळतो. पण हा अर्थ पक्का आहे काय? तो कोणी ठरवला? आणि तो तसा ठरल्याने कोणाचे काय झाले? या प्रश्नांचा थोडक्यात परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच सांगते की मी हिब्रूची पंडित नाही. मुळाक्षरे ओळखता यावीत आणि कोश उघडता यावा, एवढीच माझी तयारी. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी बावीस अक्षरे शिकायला मला एक दिवाळीची सुटी लागली. पण घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीला नव्या लिपीचे भय फारसे वाटत नाही. आमच्या घराला देवनागरीही काल-परवापर्यंत परकीच होती.

पुणे आणि हिब्रू

पुण्यात बसून हिब्रू शब्दाचा विचार करणे हे वाटते तितके विचित्र नाही. लष्कर भागातील तांबड्या विटांचे, उंच मनोऱ्याचे 'लाल देऊळ' आपण सर्वांनी पाहिले आहे. ते देऊळ नसून 'ओहेल डेव्हिड' हे ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ज्यांच्या देणगीचे स्मरण ससून रुग्णालय आजही देते, त्या डेव्हिड ससून यांनी ते बांधवले. 1864 साली त्यांचे पुण्यात निधन झाले आणि 1867 मध्ये ही इमारत पुरी झाली. त्यांची समाधीही त्याच आवारात आहे. रास्ता पेठेत बेने इस्राएल समाजाचे 'सुक्कत श्लोमो' हे 1921 सालचे प्रार्थनामंदिर आहे. बेने इस्राएल म्हणजे कोकणात शतकानुशतके राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले आपले मराठी ज्यू. त्यांची प्रार्थना हिब्रूत, घरातील बोलणे मराठीत आणि आडनावे केहिमकर, राजपूरकर अशी गावांवरून पडलेली. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1880 नंतर तर या समाजाने जुन्या करारातील कथांवर मराठी कीर्तनेही केली. मराठी माणसासाठी हिब्रूचे व्याकरण जॉन विल्सन यांनी 1832 सालीच लिहिले होते. तात्पर्य, या दोन भाषांचा शेजार जुना आहे.

आणखी एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, ते पंडिता रमाबाईंचे. 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या, पुढे शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती सदन चालवणाऱ्या रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. खेड्यातील साध्या बाईला समजेल असे मराठी त्यांना हवे होते. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून भाषांतर केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तेव्हा काम हातावेगळे झालेले होते. ते ग्रंथरूपाने 1924 मध्ये बाहेर आले. संस्कृत धर्मग्रंथ स्वतः वाचून, त्यात स्त्रीविषयी काय म्हटले आहे हे जगाला सांगणारी ही विदुषी दुसऱ्या धर्माच्या ग्रंथाकडे वळल्यावरही भाषांतरावर विसंबून राहिली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तीन जागा

आता शब्दाकडे वळू. पहिली जागा 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, सोळाव्या वचनात आहे. मना केलेले फळ आदाम आणि त्याच्या स्त्रीने खाल्ले, त्यानंतर देव प्रत्येकाला काय भोगावे लागेल ते सांगतो. स्त्रीला तो बाळंतपणाच्या कष्टांविषयी सांगतो. मग म्हणतो की तिची 'तेशूका' तिच्या नवऱ्याकडे असेल आणि तो तिच्यावर सत्ता चालवील. दुसरी जागा लगेच पुढच्या अध्यायात आहे. भावावर जळणाऱ्या काइनाला देव बजावतो की पाप दाराशी दबा धरून आहे, त्याची 'तेशूका' तुझ्याकडे आहे, पण तू त्यावर सत्ता चालव. तिसरी जागा 'गीतरत्न' या प्रेमकाव्याच्या सातव्या अध्यायात आहे. तेथे प्रेयसी आनंदाने सांगते की मी माझ्या प्रियकराची आहे आणि त्याची 'तेशूका' माझ्याकडे आहे.

या तीन जागा शेजारी ठेवल्या की अडचण ध्यानात येते. एका ठिकाणी ती स्त्रीची आहे, दुसऱ्या ठिकाणी दबा धरलेल्या पापाची, तिसऱ्या ठिकाणी प्रियकराची. 'वासना' हा अर्थ घेतला तर पापाला काइनाविषयी वासना वाटते असे म्हणावे लागेल. 'झडप घालण्याची इच्छा' हा अर्थ घेतला तर गीतरत्नातील प्रियकर वाघासारखा होईल. तिन्ही ठिकाणी बसणारी गोष्ट एकच : कोणीतरी कोणाकडे तरी वळलेले आहे. दिशा नक्की आहे. भावना मात्र प्रसंगाप्रमाणे निराळी.

येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. हिब्रूत इच्छेला शब्दांची वाण नव्हती. याच कथेत, अवघी दहा वचने आधी, स्त्रीला ते झाड कसे हवेहवेसे वाटले हे सांगताना दोन निराळे शब्द आले आहेत. एक 'ताअवा', म्हणजे हाव किंवा लालसा. दुसरा 'नेहमाद', म्हणजे लोभ वाटावा असे. परक्याच्या वस्तूचा लोभ धरू नको या दहाव्या आज्ञेतही याच दुसऱ्या शब्दाचा धातू आहे. लेखकाला सोळाव्या वचनात लालसाच म्हणायची असती, तर हाताशी असलेले दोन शब्द सोडून तो तिसरा, दुर्मिळ शब्द कशाला शोधील?

शब्दाच्या मुळाचाही शोध पंडितांनी घेतला आहे. काही कोशकार तो अरबीतील 'शौक' या शब्दाशी जोडतात. तोच 'शौक' फारसीवाटे आपल्याकडे आला आणि आपण पानाचा शौक, शौकीन माणूस असे म्हणू लागलो. हे नाते खरे असेल तर लक्ष्मी रोडवर रोज कानी पडणारा शब्द आणि उत्पत्तीतील हा शब्द एकमेकांचे दूरचे भाऊबंद ठरतात. पण हिब्रूतच याच अक्षरांचा एक धातू आहे, त्याचा अर्थ 'भरून वाहणे'. योएलच्या पुस्तकात द्राक्षरसाची कुंडे भरून वाहतात तेथे तो आला आहे. उत्पत्तीवरील 'बेरेशीत रब्बा' या जुन्या ज्यू टीकाग्रंथात तर चार तेशूका सांगितल्या आहेत : स्त्रीची नवऱ्याकडे, दुष्ट प्रवृत्तीची काइनाकडे, पावसाची धरणीकडे आणि परमेश्वराची इस्राएलाकडे. पावसाला धरणीची जी ओढ असते तिला कोणी वासना म्हणणार नाही. या जुन्या टीकाकारांना तो शब्द लाजेचा वाटत नव्हता, हे यावरून उघड होते.

भाषांतरांचा प्रवास

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरी ज्यू पंडितांनी या ग्रंथाचा पहिला भाग ग्रीकमध्ये आणला. उपलब्ध भाषांतरांत हे सर्वांत जुने. त्यात उत्पत्तीतील दोन्ही ठिकाणी 'अपोस्त्रोफे' असा शब्द आहे. त्याचा अर्थ वळणे, परतणे. पुढे गीतरत्नाचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा तेथेही 'एपिस्त्रोफे' हा त्याच कुळातील शब्द आला. म्हणजे मूळ लेखनाला काळाने सर्वांत जवळ असलेल्या भाषांतरकारांनी तिन्ही ठिकाणी 'इच्छा' म्हटले नाही, 'वळणे' म्हटले.

त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी संत जेरोमने लॅटिन भाषांतर केले. गीतरत्नात त्याने 'वळणे' हाच अर्थ ठेवला. काइनाच्या गोष्टीत 'भूक, इच्छा' असा शब्द घातला. आणि स्त्रीच्या वचनात मात्र तो शब्दच नाहीसा केला : तू पुरुषाच्या सत्तेखाली राहशील आणि तो तुझ्यावर अधिकार गाजवील, असे त्याचे लॅटिन आहे. मूळ वचनात सत्तेचा उल्लेख एकदाच होता, येथे तो दोनदा झाला. तिच्या बाजूचे जे काही होते ते गेले. युरोपने हजार वर्षे हेच भाषांतर वाचले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रकरणाला नव्याने तोंड फोडले ते एका स्त्रीने. कॅथरिन बुशनेल ही अमेरिकन डॉक्टर प्रथम चीनमध्ये मिशनरी होती. चिनी बायबलात स्त्रियांविषयीच्या मजकुरात फेरफार झाल्याचे तिच्या ध्यानात आले आणि तेव्हापासून तिने मूळ भाषांचा ध्यास घेतला. 1891-92 मध्ये ती हिंदुस्थानातही येऊन गेली होती. उत्तरेकडील लष्करी छावण्यांत गोऱ्या शिपायांसाठी ठेवलेल्या स्त्रियांची दैना तिने व तिच्या सहकारिणीने प्रत्यक्ष पाहिली आणि विलायतेत जाऊन साक्ष दिली. या अनुभवानंतर तिने लिहिलेल्या ग्रंथात 'तेशूका'वर मोठा विवेचनभाग आहे. तिचे म्हणणे असे की शब्दाचा अर्थ 'वळणे' हाच होता. सान्तेस पाग्निनुस या इटालियन संन्याशाचे लॅटिन भाषांतर 1528 साली छापले गेले, त्यातून 'वासना' हा अर्थ शिरला आणि पुढच्या युरोपीय भाषांतरांनी तो उचलला. तिची सर्व प्रमेये आजचे अभ्यासक स्वीकारतातच असे नाही. पण बुशनेलचा ग्रंथ आणि केडगावचे रमाबाईंचे भाषांतर ही दोन्ही कामे साधारण एकाच काळात पुरी झाली, ही गोष्ट विचार करायला लावते. दोन स्त्रिया, दोन खंड, आणि दोघींनी धरलेली वाट एकच : मूळ ग्रंथ स्वतः वाचायचा.

1947 साली मृत समुद्राकाठच्या गुहांत प्राचीन हस्तलिखिते सापडू लागली आणि या वादात नवा पुरावा आला. त्या गुंडाळ्यांत 'तेशूका' आणखी काही ठिकाणी भेटतो. एके ठिकाणी माणसाची तेशूका मातीकडे आहे असे म्हटले आहे. दुसरीकडे अंधाराच्या पक्षातल्यांची तेशूका अंधाराकडे आहे. मातीविषयी कोणाला वासना वाटत नाही, माणूस मातीकडे परततो. 2011 साली जोएल लोर या अभ्यासकाने हाच धागा पकडून दाखवले की उत्पत्तीच्या त्या अध्यायात पुरुषाला, जिच्यातून तू घेतला गेलास त्या मातीत परत जाशील, असे सांगितले आहे. स्त्री पुरुषातून घेतली गेली अशी कथा असल्याने तिचे परतणे त्याच्याकडे. उलट 2016 साली ए. ए. मॅकिन्टॉश यांनी 'एकाग्र लक्ष, सारे चित्त लागणे' हा अर्थ सुचवला. त्याआधी 1975 मध्ये सुझन फो या अमेरिकन अभ्यासिकेने निराळेच मत मांडले होते. काइनाची गोष्ट प्रमाण धरून तिने लिहिले की स्त्रीची तेशूका म्हणजे नवऱ्यावर ताबा मिळवण्याची धडपड. 2016 साली एका प्रसिद्ध इंग्रजी बायबलने तर 'नवऱ्याकडे'च्या जागी 'नवऱ्याच्या विरुद्ध' असा अर्थ छापला. एकच शब्द : कोणी त्यात वासना पाहिली, कोणी परतणे, कोणी बंड. ओढाताण म्हणतात ती हीच.

सत्ता चालवील की चालवावी?

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला माझ्या घरातच मिळाले.

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. आमचे मूळ गाव पुरंदर तालुक्यात. घरी आलेला कागद दुसऱ्याने वाचायचा आणि आमच्या माणसांनी अंगठा उठवायचा, अशी तीन पिढ्यांची रीत. ज्याला वाचता येते त्याचे म्हणणे खरे! चार वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण अंगावर वळ घेऊन सासरहून परत आली. तिला पुन्हा पोचवायचे की नाही यावर बैठक बसली, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी निकाल दिला की बाईचा ओढा शेवटी नवऱ्याकडेच असतो, आणि त्याने तिच्यावर हुकूम चालवावा असे शास्त्रातच लिहिलेले आहे. कोणत्या शास्त्रात, कोणत्या पानावर, हे कोणी विचारले नाही. विचारणार कोण? वाचता येणारे तेच एकटे होते. मी तेव्हा दहावीत होते आणि दाराआड उभी होते.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात उत्पत्तीचे ते वचन वाचताना मी दचकले. प्रचलित मराठी बायबलातही तेथे 'ओढा' हाच शब्द आहे. देश परका, धर्म परका, आणि वाक्य मात्र आमच्या बैठकीतले! म्हणून मी त्याच्या मागे लागले.

मागे लागल्यावर तीन गोष्टी हाती आल्या. पहिली अशी की त्या अध्यायात 'शापित' हा शब्द सापाला आणि जमिनीला लावला आहे. स्त्रीला नाही, पुरुषालाही नाही. दुसरी व्याकरणाची. 'सत्ता चालवील' या अर्थाचे जे हिब्रू क्रियारूप आहे ते भविष्यही सांगू शकते आणि आज्ञाही. मराठीत मात्र 'चालवील' आणि 'चालवावी' ही दोन वेगळी रूपे आहेत, त्यामुळे भाषांतरकाराला निवड करावीच लागते. काइनाच्या वचनातील अशाच रूपाच्या अर्थावर जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाने 1952 साली 'ईस्ट ऑफ ईडन' ही आपली मोठी कादंबरी उभी केली, हे इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. 'चालवील' म्हटले की ते पुढे काय वाट्याला येणार त्याचे दुःखद वर्णन होते. 'चालवावी' म्हटले की तो कायदा होतो. तिसरी गोष्ट संदर्भाची. त्याच प्रसंगी जमिनीत काटे-कुसळे उगवतील असेही सांगितले आहे. म्हणून खुरपणी करणे अधर्म आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. माझी आजी जन्मभर लोकांच्या शेतात खुरपत होती. काटे उगवणे हा जर हुकूम नव्हे, तर सत्ता चालणे तेवढा हुकूम कसा?

हे सारे मी बहिणीला समजावून सांगितले. ती त्या बैठकीनंतर सासरी गेली नाही. आईने कधी नव्हे ते सर्वांदेखत 'नाही' म्हटले होते. बहीण आता आमच्याकडेच राहून शिवणकाम करते. मशीनवरून मान न काढता ती म्हणाली, "ओढा असणं वेगळं गं, आणि कुणी ओढत नेणं वेगळं." इतक्या पंडितांची मते वाचून मला जे नेमके मांडता येत नव्हते ते तिने एका वाक्यात मांडले. वचनातही ते दोन वेगळे तुकडे आहेत. ओढा तिचा आहे. सत्ता त्याची आहे. पहिल्यातून दुसरे आपोआप निघत नाही.

मराठी शब्दाची निवड

म्हणून मला वाटते की 'तेशूका'ला मराठीत 'ओढा' हाच शब्द सर्वांत जवळचा आहे. 'वासना' म्हटले की लाज चिकटते, 'इच्छा' म्हटले की दिशा हरवते. 'ओढा' या शब्दात दिशा आहे, जिव्हाळा आहे आणि शिवाय पाणी आहे. पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या लहान प्रवाहालाही आपण ओढाच म्हणतो. भरून वाहणारी कुंडे आणि धरणीकडे झेपावणारा पाऊस यांच्याशी हिब्रू शब्दाचे जे नाते जुन्यांनी पाहिले, ते मराठी शब्दात न मागता आले आहे. गीतरत्नातील प्रियकराचा प्रेयसीकडे ओढा असू शकतो, माणसाचा मातीकडे असू शकतो, आणि काइनाच्या दाराशी बसलेल्या पापाचाही त्याच्याकडे असू शकतो. कोणत्याही जागी शब्द मोडत नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. उत्पत्तीत सत्तेच्या सावलीत सापडलेला हा शब्द गीतरत्नात पुन्हा येतो, तेव्हा दिशा उलट झालेली असते. तेथे ओढा पुरुषाचा आहे, स्त्रीकडे आहे, आणि सत्तेचे नाव नाही. ग्रंथाने स्वतःच त्या शब्दाची दुसरी बाजू जपून ठेवली आहे. पण पहिली बाजू घोकणाऱ्यांनी दुसरी फारशी वाचलेली दिसत नाही.

मित्रमैत्रिणींनो, माझा आग्रह हिब्रूपुरता नाही. संस्कृत, पाली, अर्धमागधी, फारसी, मोडी यांचे वर्ग ओस पडत चालले आहेत आणि त्या भाषांचा उपयोग काय असे आपणच विचारतो. उपयोग हा की 'असे लिहिले आहे' हे वाक्य कोणी उच्चारले, तर 'कोठे ते दाखवा' असे म्हणता येते. ज्या घरांत पहिल्यांदाच अक्षर आले आहे, त्या घरांतील मुलामुलींनी तरी हा हक्क सोडू नये. अंगठा उठवण्यापूर्वी कागद वाचायचा असतो. मग तो सावकाराचा असो, की साक्षात शास्त्राचा.